तेलाची रेघ

साखळी कोरडी पळतेय हे आधी नाकाला कळलं.
मोफज्जल कापतच होता,
खजुराचं मेलेलं खोड, वरून वाळकं, आत ओला काथ्या.
आणि धूर लाकडाचा नव्हता.
"बंद कर!" कानात बोळे, ऐकतो कसला.
मग समोर जाऊन गळ्यावरून हात फिरवला.
ही खूण बंगालीत, मराठीत, अरबीत
एकच.

पात्याच्या टोकाला निळा रंग चढलेला.
एरवी देखणाच म्हणावा,
पण आमच्या धंद्यात निळा म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं.

सहम गाव, बातिनाचा किनारा, जूनमधले साडेनऊ.
साडेबाराला उन्हामुळे काम थांबवायचं, तसा हुकूमच आहे.
खल्फानच्या बापानं लावलेली एकशे बारा झाडं.
विहिरीत समुद्र शिरला, हळूहळू.
आधी म्हणे कहवा खारट लागला,
शेंडे मग वाळले.

टाकी उघडली. तेल काठोकाठ.
हे वाईट. रिकामी असती तर
दोन शिव्या हासडून काम भागलं असतं.
पेट्रोल मात्र तळाला गेलेलं.
दोघांनी बरोबरीनं उतरायचं असतं,
एका ताटात जेवणाऱ्या भावांसारखं.

पातं काढलं. खाच काथ्यानं गच्च,
तुटक्या करवतीच्या पानानं खरवडली.
तेलाचं भोक तारेनं मोकळं केलं.
पातं उलटं बसवलं, तेवढीच झीज सारखी.
खजुराच्या खोक्याचं झाकण समोर धरून
मशीन रेटलं.
पुठ्ठा कोराच्या कोरा.

टाकीतली गाळणी आकड्यानं ओढून काढली :
काळी, चिकट, पाघळलेल्या गुळासारखी.
"इंजिनचं जुनं तेल कुणी ओतलं?"
मोफज्जल आभाळाकडे बघू लागला.
गाळणी धुतली. पुठ्ठा कोराच.
क्लच खोललं, त्याचे आटे उलटे,
नवखा माणूस इथंच मनगट मोडून घेतो.
आतल्या गिअरचे दात नखानं चाचपले,
सगळे शाबूत, माझ्यापेक्षा बरे.

खल्फाननं तिसऱ्यांदा कहवा ओतला.
मी कप हलवला, म्हणजे पुरे.
तो काही बोलला नाही. त्याला घाई नव्हती,
किंवा अशीही असेल, की मशीन बिघडलंय तोवर झाडं उभी.

पुन्हा टाकीचं झाकण फिरवलं, उगाच,
सुचत नसलं की हात काहीतरी फिरवतातच.
फस्स.
आत ओढलेल्या श्वासाचा आवाज.
झाकण तसंच ढिलं ठेवून, मशीन आडवं न होऊ देता, दोरी ओढली
आणि पुठ्ठ्यावर रेघ उमटली,
बारीक, तिरकी, लहान पोरानं पहिल्यांदा ओढावी तशी.

हवेचं भोक. सुईच्या टोकाएवढं,
त्यात इथली पिठासारखी वाळू बसलेली.
पंप धड, वाट मोकळी, माल भरपूर,
पण बाहेर जाईल त्याच्या जागी
आत काही यायला हवं ना.
बटणांसाठी कॉलरमागे सुई टोचलेली असते माझी,
तिनंच भोक टोकरलं, फुंकर मारली,
झाकण घट्ट केलं. रेघ आता जाड.

"काय झालं होतं?" मोफज्जल.
"दम कोंडला होता."
खल्फाननं बोट तेलात बुडवून हुंगलं,
मग आमच्या त्या तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला,
"माझ्या विहिरीचं उलटं.
आम्ही गोडं पाणी काढत गेलो, काढत गेलो,
रिकाम्या जागेत तो आला."
आणि हनुवटीनं समुद्र दाखवला,
शेजाऱ्याची तक्रार करावी तसा.

साडेदहा. एकोणीस झाली होती.
विसाव्याला हात लावून तो जरा थांबला
आणि बाजूला सरकला.
साखळी आता ओली, आवाज खाली उतरलेला.
मी सुई पुसायची विसरून खिशात टोचली.
सदऱ्यावर डाग आहे अजून,
साबणानं निघत नाही,
मीही फार घासत नाही.